गाडी मिळेल, पण मुक्काम कुठे? धाराशिवच्या द्राक्षपट्ट्यात कॅम्पर व्हॅननं एकट्यानं फिरता येईल का?

रील स्क्रोल करताना एखादा व्हिडिओ हमखास समोर येतो. समुद्राकाठचा मोकळा रस्ता, एका बाजूला द्राक्षांच्या रांगा, पांढऱ्या रंगाची व्हॅन आणि मागचं दार उघडून चहा पीत बसलेली एकटी मुलगी. ठिकाण ऑस्ट्रेलियातलं असतं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी मराठीत विचारतं, 'हे आपल्याकडे का होत नाही?'

प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर शोधायला धाराशिव जिल्हा चांगला आहे. इथे द्राक्षबागा आहेत. किल्ले, लेणी, मंदिरं आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराच्या खुणा आहेत. मोठे महामार्ग जिल्ह्यातून जातात. कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही राज्य सरकारनं २०२१ मध्ये आणलं. तरीही नळदुर्गच्या किल्ल्याबाहेर कॅम्पर व्हॅन उभी राहिली, तर आजही तिच्याभोवती गर्दी जमेल.

नेमकं अडतं कुठे? गाडीत, रस्त्यात, कायद्यात की आणखी कशात? एकेक मुद्दा समजून घेऊ.

ऑस्ट्रेलियात नेमकं काय असतं?

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या दक्षिणेला सुमारे २७० किलोमीटरवर मार्गारेट रिव्हर नावाचा भाग आहे. आज तो जगभरात वाईनसाठी ओळखला जातो, पण ही ओळख फार जुनी नाही. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषी शास्त्रज्ञानं १९६५ आणि १९६६ मध्ये या भागाच्या हवामानाचा अभ्यास मांडला आणि इथे वाईनची द्राक्षं उत्तम येतील असं सांगितलं. त्यानंतर १९६७ मध्ये टॉम कलिटी या डॉक्टरांनी 'वास फेलिक्स' ही बाग लावली. म्हणजे हा सगळा पसारा साठेक वर्षांतला.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मॅक्लारेन व्हेल आणि व्हिक्टोरियातलं मॉर्निंग्टन पेनिन्सुला हे भागही असेच समुद्राला लागून आहेत. दिवसा ऊन, संध्याकाळी समुद्राकडून गार वारा. या वाऱ्यामुळे द्राक्षं सावकाश पिकतात. त्यांच्यात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. वाईनला दोन्ही लागतं.

वाइनरीत जाऊन वाईन चाखायची, आवडली तर तिथूनच बाटली घ्यायची, अशी तिथली पद्धत. शेतकऱ्याला मधला व्यापारी टाळून थेट ग्राहक मिळतो आणि पर्यटकाला फिरायला निमित्त मिळतं.

कॅम्पर व्हॅन या साखळीत बसते, कारण मुक्कामाची सोय आधीच तयार असते. गावागावात कॅराव्हॅन पार्क असतात. ठरलेले पैसे भरले की गाडी लावायला आखलेली जागा, विजेचा प्लग, पाण्याचा नळ, अंघोळीची जागा आणि गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायची सोय मिळते. शेजारी दुसऱ्या गाड्या असतात, पार्कचा माणूस असतो. एकट्या प्रवाशाला सुरक्षित वाटतं ते यामुळे. वाटेल तिथे गाडी लावून झोपायची मुभा तिथेही नाही. अनेक ठिकाणी स्थानिक प्रशासन त्यासाठी दंड करतं.

व्हिडिओत व्हॅन दिसते, पण ती सहल शक्य करणारा नळ, प्लग आणि टाकी रिकामी करायची जागा यांतलं काहीच फ्रेममध्ये येत नाही.

धाराशिवला समुद्र नाही, मग द्राक्षं कशी?

समुद्र करतो ते काम दख्खनच्या पठारावर उंची करते. धाराशिव शहर बालाघाटच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. नाशिकची उंचीही साधारण तेवढीच. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारवा, कोरडी हवा, निचरा होणारी हलकी जमीन. द्राक्षाला हे मानवतं.

तुळजापूर तालुक्यात काटी, सावरगाव या भागात द्राक्षबागा आहेत. तिथून पश्चिमेला सोलापूर जिल्हा लागतो आणि द्राक्षाच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं गाव लागतं, नान्नज. माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळे हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. याच गावातले शेतकरी नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींमधून वेगळा वेल हेरून 'सोनाका' हे वाण पुढे आणलं. काळ्या रंगाचं 'शरद सीडलेस'ही त्यांचंच. बाजारात लांबट मण्यांची पिवळसर द्राक्षं घेताना आपण नान्नजच्या एका शेतकऱ्याची नजर विकत घेत असतो.

मात्र ही सगळी खायची द्राक्षं आहेत. मोठा मणी, पातळ साल, बी नाही. वाईनची द्राक्षं वेगळी असतात. मणी लहान, साल जाड, आत बी. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ, शेनिन ब्लाँ अशी त्यांची वाणं. रंग आणि चव बरीचशी सालीतून येते, म्हणून साल महत्त्वाची. खायच्या द्राक्षाची वाईन होतच नाही असं नाही, पण ती दर्जेदार होत नाही. त्यामुळे धाराशिवच्या भागाला 'द्राक्षपट्टा' म्हणता येईल, 'वाईनपट्टा' म्हणणं घाईचं ठरेल.

एक योगायोग मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात द्राक्षांची काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते, कारण दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा संपत आलेला असतो. महाराष्ट्रात काढणीचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल. आपल्याकडे वेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यामुळे फळ हिवाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होतं. कारणं वेगळी, पण कॅलेंडरवर दोन्हीकडचे घड जवळपास एकाच वेळी उतरतात.

वाईनच बघायची असेल तर कुठे जायचं?

धाराशिवहून वाईनसाठी नाशिकपर्यंत जायची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ 'फ्रातेल्ली' ही वाइनरी आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भाऊ'. इटलीतले, दिल्लीतले आणि अकलूजचे मोहिते-पाटील असे भावांचे तीन गट २००७ च्या सुमारास एकत्र आले आणि ऊस पिकवणाऱ्या माळशिरस तालुक्यात वाईनच्या द्राक्षांचे वेल उभे राहिले.

महाराष्ट्रात ही वाट त्याआधीच सुरू झाली होती. नारायणगावात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या 'इंडाज'नं वाईन बनवली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिकला 'सुला'नं २००५ मध्ये वाईन चाखायची खोली सुरू केली आणि 'वाइनरी बघायला जाणं' हा प्रकार मराठी माणसाच्या सुट्टीत शिरला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. त्यावर जोरदार टीका झाली आणि तो प्रत्यक्षात आला नाही.

आणि गाडी चालवणाऱ्या एकट्या माणसासाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात पक्का परवाना असलेल्या चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार ती १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आपली मर्यादा तिथल्यापेक्षा कडक आहे. पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सोबत दुसरा चालक नसेल तर वाईन चाखल्यावर त्या दिवशी गाडी हलवायची नाही, एवढाच सुरक्षित हिशोब. म्हणजे एकट्याच्या वाईन-सहलीतही प्रश्न फिरून मुक्कामावरच येतो.

कॅम्पर व्हॅन कायद्यात बसते का?

बसते. भारतात 'मोटार कॅराव्हॅन' हा वाहनांचा मान्य प्रकार आहे आणि तिच्या तपासणीसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. परिवहन विभागाच्या नोंदणीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन आणि व्यावसायिक वापराची कॅम्पर व्हॅन असे वेगळे वर्ग आहेत. स्वतःच्या फिरण्यासाठी घेतलेली गाडी भाड्यानं देता येत नाही, कारण त्यासाठी नोंदणी आणि परवाना वेगळा लागतो.

अडचण होते ती घरगुती बदलांमुळे. जुनी गाडी घ्यायची, सुताराकडून आत पलंग-ओटा करून घ्यायचा आणि निघायचं, असं अनेकांच्या डोक्यात असतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. उचलून बाजूला ठेवता येईल अशी गादी किंवा पेटी ही वेगळी गोष्ट. छत कापणं, आसनं काढून टाकणं, कायमचा गॅस बसवणं यासाठी आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

परवान्याचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक हलकं वाहनही चालवता येतं. बहुतेक कॅम्पर व्हॅन या वजनात बसतात. मात्र भाड्यानं मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या चालकासह दिल्या जातात. एकट्यानं जायचं असेल तर ही अट आधी विचारलेली बरी.

राज्याच्या धोरणात काय आहे?

२०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाचे दोन भाग आहेत. एक कॅराव्हॅन, दुसरा कॅराव्हॅन पार्क. गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असावी. पार्कमध्ये गाड्या लावायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह अशा सुविधा असाव्यात. पार्क खासगी जमिनीवर करता येतो आणि पर्यटन महामंडळाच्या जागेतही. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणाऱ्यांना मुद्रांक शुल्क, जीएसटी आणि वीज शुल्कात सवलतींची तरतूद करण्यात आली.

यामागचा विचार असा, की जिथे पक्कं हॉटेल बांधणं शक्य नाही किंवा परवडत नाही, तिथे पर्यटकानं आपली खोली सोबत आणावी. धाराशिवला हे चपखल लागू पडतं. परांड्याच्या किंवा तेरच्या पर्यटकांच्या भरवशावर कुणी मोठं हॉटेल बांधणार नाही. पण चार गाड्या लावायची जागा तयार करायला हॉटेलइतका खर्च येत नाही. अर्थात धोरणं आणि सवलतींच्या अटी बदलत असतात, म्हणून पैसे घालण्याआधी संचालनालयाकडून सध्याच्या अटी तपासून घेणं गरजेचं.

समजा निघालोच, तर मार्ग कसा असेल?

सोलापूरहून हैदराबादच्या दिशेनं निघालं की पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग लागतं. बोरी नदीला कवेत घेऊन बांधलेला हा किल्ला. त्याच्या आत नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं हे बांधकाम. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या महालात बसून ते पाणी समोरून पाहता येतं.

तिथून तुळजापूर पस्तीसेक किलोमीटर. तुळजाभवानीचं दर्शन घेऊन सोलापूर-धुळे महामार्गानं आणखी पंचवीसेक किलोमीटरवर धाराशिव शहर. शहराजवळच्या डोंगरात धाराशिवची लेणी आहेत. पुढे येडशीला रामलिंगचं मंदिर आणि त्याभोवतीचं अभयारण्य. भूम-वाशीकडे गेलं तर खव्याच्या भट्ट्या आणि कुंथलगिरीचं जैन तीर्थक्षेत्र. परांड्याचा भुईकोट धाराशिवपासून सत्तरेक किलोमीटरवर. विजापूरची प्रसिद्ध मुलुख-मैदान तोफ आधी याच किल्ल्यात होती. परांड्याहून कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत अकलूज गाठता येतं. चार-पाच दिवसांचा आरामशीर प्रवास.

या मार्गावर तेर चुकवू नये. तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं शहर होतं. इथून तऱ्हेतऱ्हेचं कापड गाड्यांमध्ये भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरापर्यंत नेलं जाई, असं त्यात नोंदवलं आहे. त्याच बंदरात परदेशातून येणाऱ्या मालाच्या यादीत वाईन आहे आणि त्यातही इटलीच्या वाईनला पसंती होती. गाडीत बिऱ्हाड घालून केलेला लांबचा प्रवास आणि वाईन, या दोन्ही गोष्टींचं या भागाच्या इतिहासाशी असं जुनं नातं आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात. संत गोरा कुंभारांचं गावही हेच.

प्रत्यक्षात अडचणी कोणत्या येतील?

पहिली अडचण पाण्याची. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. अनेक गावांनी टँकरवर उन्हाळे काढले आहेत. शंभर लिटरची टाकी एका माणसाला काटकसरीनं दोन-तीन दिवस पुरते. शंभर लिटर ऐकायला थोडं वाटतं, पण मे महिन्यात हंड्यासाठी रांग लागलेल्या गावात 'टाकी भरून द्या' म्हणणं कठीण आहे. शिवाय पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याच्या गाडीत झोपणं हा छळच. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

दुसरी अडचण घाणीची. व्हॅनमधल्या संडासाची टाकी साधारण पंधरा-वीस लिटरची असते. ती दोन-तीन दिवसांत भरते. ती ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर रिकामी करणं म्हणजे गावाचं पाणी नासवणं. ती सेप्टिक टँकमध्येच रिकामी व्हायला हवी. त्यातही टाकीत टाकायचं रसायन असं हवं, की सेप्टिक टँकमधले जिवाणू मरणार नाहीत.

तिसरी अडचण रस्त्याची. महामार्ग चांगले आहेत, पण बागेकडे जाणारी शेवटची दोन किलोमीटर वाट काळ्या मातीची असू शकते. एक सर आली की चाक रुततं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. उंच गाडीला लोंबत्या तारा आणि बाभळीच्या फांद्या यांचंही भान ठेवावं लागतं. हिवाळा म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना दिसतात, आणि बऱ्याचदा ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. एकट्यानं गाडी चालवताना अंधार पडण्याआधी मुक्काम गाठणं हा पहिला नियम.

आणखी एक गोष्ट, शारदीय नवरात्र ते कोजागिरी या काळात तुळजापूरच्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्या भाविकांची प्रचंड गर्दी असते आणि वाहतूक वळवली जाते. त्या दिवसांत व्हॅन घेऊन जाणं टाळलेलंच बरं.

आणि एकटी मुलगी असेल तर?

ऑस्ट्रेलियात एकटीनं व्हॅन घेऊन फिरणं फारसं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. इथे येतं. 'एकट्याच आलात? सोबत कोण नाही? गाव कुठलं?' हे तीन प्रश्न प्रत्येक थांब्यावर येणार. पहिल्या दिवशी त्यांचा राग येऊ शकतो. पण अनोळखी गावात रात्री गाडी कुठे उभी आहे हे चार घरांना माहीत असणं, हेही एक संरक्षण आहे. निर्जन माळावर, तलावाकाठी फोटो छान येतो, पण झोपायला घराचं अंगण, भक्त निवासाचं आवार किंवा वर्दळीचा पेट्रोल पंप बरा. अर्थात तिथल्या माणसांना विचारूनच. रोजचा मुक्काम घरी कळवणं आणि आणीबाणीत ११२ हा क्रमांक लावणं, या सवयी स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहेत.

पण एकट्या प्रवाशाची सुरक्षितता दरवेळी अनोळखी माणसांच्या चांगुलपणावर सोडून देता येत नाही. उजेड असलेली, कडी लावता येणारं स्वच्छतागृह असलेली आणि कुणीतरी जबाबदार माणूस असलेली जागा हवी. म्हणजे पुन्हा तेच, मुक्काम.

मग ही जागा देणार कोण?

याचं उत्तर बहुधा द्राक्ष बागायतदाराकडे आहे आणि त्यालाही या उत्पन्नाची गरज आहे.

द्राक्ष हे महागडं पीक आहे. मांडव, औषधं, छाटणीची मजुरी यावर वर्षभर खर्च होत राहतो आणि पैसे मात्र काढणीच्या काही आठवड्यांतच येतात. नेमकं त्याच वेळी गारपीट झाली, तर वर्षाची कमाई तासाभरात जमिनीवर पडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. गारा पडल्या नाहीत तरी भाव पडू शकतो. अशा शेतकऱ्यासाठी हंगामात आठवड्याला चार गाड्यांचं भाडं बाग वाचवणार नाही, पण किराणा आणि मजुरीच्या काही दिवसांना हातभार नक्की लावेल.

त्याला लागतं काय? मुरूम टाकून घट्ट केलेली चार गाड्यांपुरती जागा. बोअरचं किंवा साठवलेलं पाणी. घरच्या जोडणीवरून व्यावसायिक वापराची रीतसर परवानगी घेतलेला विजेचा प्लग. शेतीपंपाची वीज इथे चालत नाही, कारण ती पाळीनं, ठरावीक तासच येते आणि तिचा असा वापर नियमातही बसत नाही. सेप्टिक टँकला जोडलेलं एक तोंड, एक स्वच्छतागृह आणि एक दिवा. यातल्या निम्म्या गोष्टी अनेक बागायतदारांकडे आधीच असतात.

करण्यासारखं तर बरंच आहे. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. फेब्रुवारीत बागेत फिरून स्वतः तोडलेली द्राक्षं. पुढे बेदाणा. वाईन विकायला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, पण द्राक्षं खाऊ घालून पेटीभर विकायला तो लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या वाइनरीचा खरा धडा थेट ग्राहक मिळवण्याचा आहे आणि तो सोनाकाच्या घडालाही लागू होतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी आणि त्यातच कॅराव्हॅनची जागा, अशी जोडणी इथे विचार करण्यासारखी आहे.

चाकांवरचं बिऱ्हाड इथे नवीन आहे का?

मुळीच नाही. याच जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी ऊसतोड कुटुंबं भांडीकुंडी, पोरं, शेरडं ट्रॉलीत घालून कारखान्यांकडे जातात आणि सहा महिने कोपीत राहतात. त्यांच्यासाठी तो पोटाचा प्रवास असतो. पाणी, संडास आणि रात्रीचा उजेड हेच प्रश्न त्यांनाही पडतात. पर्यटकांसाठी नळ आणि स्वच्छतागृहांचा विचार होत असताना त्यांची आठवण राहिली, तर धोरणाला थोडा अर्थ येईल.

दुसरं उदाहरण वारीचं. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. दिंडीसोबत ट्रक असतो. त्यात तंबू, गॅस, धान्य असतं, मागे पाण्याचा टँकर असतो. शेकडो माणसं महिनाभर रोज नव्या गावात झोपतात आणि तरी गोंधळ होत नाही, कारण कुठल्या तिथीला कुठल्या गावी थांबायचं हे आधीच ठरलेलं असतं. गाव वाट पाहत असतं. पाणी भरून ठेवलेलं असतं.

कॅम्पर व्हॅनला धाराशिवमध्ये हेच हवं आहे. गाडी पुण्याहून भाड्यानं आणता येईल, महामार्ग आहेत, कायदा आहे, बघायला तगरापासून नळदुर्गपर्यंत दोन हजार वर्षं पसरलेली आहेत. काटी-सावरगावच्या एखाद्या बागायतदारानं बागेच्या कडेला मुरूम टाकून, दिवा लावून, 'इथे गाडी लावता येईल' अशी पाटी लावली, तर ऑस्ट्रेलियाच्या रीलखालच्या त्या मराठी कमेंटला उत्तर द्यायला सुरुवात होईल.